बाबारावांची डावी बाजू

बाबाराव डॉक्टर नव्हते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी विचारेल, कुठले एमएस, कोणत्या सालचे? ते मूळचे रोहण्याचे, आर्वीच्या बाजारपेठेत दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर, आणि नंतर आमच्या मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागातले आर्टिस्ट. शिक्षण दहावी. तीही चित्रकलेच्या गुणांवर निघाली, असं स्वतःच सांगायचे. तरीही माझ्या ओळखीचे चार-पाच सर्जन असे आहेत, की डाव्या बाजूचं ऑपरेशन असलं म्हणजे चाकू हातात घेण्याआधी घटकाभर डोळे मिटून उभे राहतात. सिस्टरांना वाटतं, डॉक्टरसाहेब देवाचं नाव घेत आहेत. मला माहीत असतं, की ते मनातल्या मनात एक चित्र काढत आहेत आणि ते काढायला त्यांना बाबारावांनी लावलं आहे. मी भूल देणारी डॉक्टर. रुग्णाच्या डोक्याशी बसायचं माझं काम, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंची माणसं मला सारखीच दिसतात.

बाबारावांची खोली डिसेक्शन हॉलला लागून होती. फॉर्मालीनचा डोळे झोंबवणारा वास आणि ऑइल पेंटचा वास यांचं तिथे जे काही मिश्रण व्हायचं, ते एकदा नाकात बसलं की दुपारचा डबा तसाच परत न्यावा लागे. बाबाराव मात्र तिथेच बसून ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत मजेत खात. उंच, वाळकी अंगकाठी, पांढरा पायजमा, कानावर पेन्सिल. आणि आवाज! त्या हाडकुळ्या छातीत एवढा आवाज मावतो कुठे, हा शरीररचनेचा एक वेगळाच प्रश्न होता. गावच्या भजनी मंडळात ते खंजिरी घेऊन पुढे बसत, आणि ‘बाबाराव असले की माइक लावत नाई’ असं रोहण्याची माणसं सांगत. कॉरिडॉरच्या त्या टोकाला त्यांनी कुणाला हाक मारली, की या टोकाचे आम्ही सगळे मागे वळून बघायचो.

पहिल्या वर्षाला मी जर्नलमध्ये हाताचं चित्र नीट येईना म्हणून त्यांच्याकडे गेले. त्यांनी माझ्यापुढे एक पाटी सरकवली. पाटी म्हणजे शाळेतली खरीखुरी पाटी, लाकडी चौकटीची.

“काढ हात.”

मी काढला. बरा आला होता.

“कोनता व्हय हा?”

“हात.”

“अवो माय, हात त हायच. कोनता?”

मी माझे दोन्ही हात वर करून पाहिले. चित्रातला उजवा होता.

“डावा काऊन नाई काढला?”

“तुम्ही सांगितलं नाही ना.”

“उजवा काढ असं तरी कुठी सांगतलं होतं मी?” बाबाराव हसले. “इथं नवीन येनाऱ्या हर पोराले मी हात काढाले लावतो. डावा काढनारं पोरगं ज्या दिवशी भेटन, त्या दिवशी साऱ्या डिपार्टमेंटले चहा पाजीन म्हनतो. अजून पाजला नाई. डावखुरे बी उजवाच काढते!”

हे त्यांचं वेड होतं. त्यांच्या मते डॉक्टरांच्या डोक्यात जे माणसाचं शरीर असतं, ते अर्धंच असतं. “तुमी लोक पेशंटच्या उजव्या अंगानं उभे राह्यता. पोट दाबता उजव्या अंगानं, नाडी धरता उजव्या अंगानं. पुस्तकातला हात उजवा, पाय उजवा. मंग तुमच्या डोक्यात मानूस घुसते तो उजव्या अंगानंच घुसते. डाव्या अंगाचं काम आलं की त्याले मनातल्या मनात पलटवता. पलटवता पलटवता गडबडता.”

मग बैलांची गोष्ट निघे. ती त्यांनी प्रत्येक बॅचला ऐकवली. रोहण्यात त्यांच्या वडिलांकडे जी जोडी होती, तिच्यातला एक बैल उजव्या अंगाचा आणि एक डाव्या अंगाचा. एकदा बाबारावांनी, घाईत, त्यांची अदलाबदल करून जुंपली. “बैल तेच, वावर तेच, ताकद तेवढीच. पन उभ्या उभ्या बावचळले ना बाप्पा! एक इकडं वढते, एक तिकडं. बाप आला अन् मायाच कान धरला. मले म्हने, तुले कोनी उलट्या हातानं जेव म्हनलं त जेवशीन का?” आणि शेवटी बोट रोखून म्हणत, “तुमी सारे उजव्या अंगाचे बैल हा.” यातून प्राध्यापकही सुटत नसत. फक्त त्यांना ‘तुमी सर, पन’ असा मान मिळे.

कॉलेजात त्यांची नेमणूक कशी झाली, तेही ऐकण्यासारखं आहे. आमच्या विभागप्रमुख सरांनी आर्वीत एका दातांच्या दवाखान्याची पाटी पाहिली. पाटीवर उघडं तोंड रंगवलेलं आणि त्यात एकूण एक दात, दाढा, त्यांच्या उंचवट्यांसकट जागच्या जागी. सर गाडीतून उतरून मोजायला लागले. चूक सापडेना. मग पेंटरचा शोध घेतला. कुठे शिकलास, असं विचारल्यावर बाबाराव म्हणाले, “आरशात पाहून काढलं साहेब. मायंच तोंड हाय ते.” रुग्ण त्या पाटीला घाबरून दवाखान्यात येईनासे झाले आणि दंतवैद्यानं ती उतरवून ठेवली, हा भाग सरांना नंतर कळला.

सर्जन मंडळींना परिषदांसाठी, पुस्तकांसाठी ऑपरेशनची चित्रं लागत. तेव्हा ती हातानेच काढून घ्यायची पद्धत होती. बाबारावांचा नियम असा, की कितीही मोठा डॉक्टर असो, आधी त्यानं स्वतः पाटीवर कच्चं चित्र काढून द्यायचं. एकदा नागपूरचे एक नामांकित सर्जन आले. त्यांना डाव्या मूत्रपिंडाच्या ऑपरेशनचं चित्र हवं होतं. आम्ही तीन-चार विद्यार्थी दाराशी घुटमळत होतो. सर्जनसाहेबांनी खडू घेतला आणि झरझर रेषा ओढल्या. हात सुरेख होता. बाबारावांनी पाटी दूर धरून पाहिली, जवळ धरून पाहिली.

“साहेब, येक विचारू का? रागावसान नाई ना?”

“विचारा की.”

“या मूत्रपिंडाच्या डोक्यावर लिव्हर बसलं हाय. डाव्या अंगाले लिव्हर कोनाचं व्हय?”

साहेबांनी पाटी पाहिली. लिव्हर माणसाला उजवीकडे असतं, हे त्या खोलीतल्या आम्हा पोरांनाही ठाऊक होतं. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग ते इतके हसले की खुर्ची करकरली. “बाबाराव, मी अशी चाळीस तरी ऑपरेशनं केली असतील हो!”

“केली असन ना. हाताले माहीत हाय. डोक्याले नाई.”

हे ‘हाताले माहीत हाय, डोक्याले नाई’ त्यांच्या तोंडून आम्ही शंभरदा ऐकलं असेल. तरुण वयात आम्हाला ती गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडा आगाऊपणाही. दहावी झालेला पेंटर सर्जनला शिकवतो म्हणजे काय! पण पुढे त्यांना स्वतःचीच एक तसली चूक सापडली. ती त्यांनी लपवली असती तर कुणाला कळलीही नसती.

झालं होतं असं. आम्ही कॉलेजात येण्याआधी कधीतरी इन्स्पेक्शन जवळ आलं होतं आणि भिंती रिकाम्या होत्या. आठ-दहा दिवसांत बाबारावांना डझनभर चार्ट रंगवायचे होते. मानेच्या चार्टाचा उजवा अर्धा भाग त्यांनी डिसेक्शन हॉलमधल्या देहाकडे पाहून, रेघ न् रेघ खरी काढली. डाव्या भागाला वेळ उरला नाही. मग त्यांनी ट्रेसिंग पेपर उलटा केला, उजवी बाजू डावीकडे छापली आणि रंग भरला. दिसायला झकास. इन्स्पेक्शन पार पडलं आणि चार्ट लेक्चर हॉलच्या भिंतीवर राहिला तो राहिलाच. आमची बॅच त्याच्याच खाली बसून शिकली.

चूक एवढीच होती, की माणूस असा पलटवून काढता येत नाही. आपल्या आवाजाच्या नसा दोन, एक उजवी, एक डावी. दोन्ही खाली उतरतात आणि वळसा घेऊन पुन्हा गळ्याकडे चढतात. उजवीचा वळसा वरच, मानेच्या पायथ्याशी, म्हणून ती तिरपी चढते. डावी मात्र पार छातीत, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीखालून वळते आणि श्वासनलिकेच्या कडेने जवळजवळ सरळ वर येते. गळ्याचं ऑपरेशन करताना ही नस दुखावली की माणसाचा आवाज बसतो, कधी कायमचा. बाबारावांच्या चार्टात डावी नसही तिरपी होती. पुढे बऱ्याच वर्षांनी छातीचा चार्ट काढायला ते देहापुढे बसले, तेव्हा त्यांना खरी डावी नस दिसली. ब्रश तसाच ठेवून ते उठले, स्टूल घेऊन गेले आणि आपला चार्ट भिंतीवरून काढून विभागप्रमुखांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

सर हसले. म्हणाले, “अहो बाबाराव, भिंतीवरच्या चार्टकडे पाहतं कोण?”

“शिव्या देल्या असत्या त बरं वाटलं असतं,” बाबाराव मला म्हणाले होते. “कोनी पाह्यत नाई म्हनून चुकीचं ठेवाचं का? अन् पाह्यलं अशीन कोनी त? त्याच्या डोक्यात त बसलं ना ते.”

चार्ट दुरुस्त करून ते थांबले नाहीत. ऑफिसातून त्या वर्षांतल्या सगळ्या बॅचेसच्या याद्या मागून घेतल्या आणि प्रत्येक विद्यार्थ्याला पोस्टकार्ड लिहिलं. माझं कार्ड हिंगणघाटला माझ्या माहेरी आलं. एका बाजूला पत्ता, दुसऱ्या बाजूला काळ्या शाईत मानेचं छोटं चित्र आणि खाली चार ओळी: ‘आपण शिकत असताना भिंतीवरील चार्टात डावी नस तिरपी दाखवली होती. ती सरळ असते. चूक माझी आहे. कृपया मनातून दुरुस्त करावी.’ आईला वाटलं कुणाच्या तरी तब्येतीचं पत्र. शेजारच्या काकांना वाटलं जादूटोणा. मी ते वाचून हसले होते, हे आज कबूल करायला लाज वाटते. असली कित्येक कार्डं त्यांनी एकट्यानं काढली. त्यातली किती पोहोचली, किती तशीच पडून राहिली, देव जाणे. लग्नाकार्यात त्या बॅचेसचं कोणी भेटलं की बाबाराव पंगतीतून उठून जवळ येत आणि नमस्काराच्या आधी विचारत, “कार्ड भेटलं होतं ना?”

पुढे छापील चार्ट आले, मग पडदे आणि प्रोजेक्टर आले, आणि बाबाराव निवृत्त होऊन रोहण्याला गेले. तिथे काकूंचे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे, डोळे गेले. शांताकाकूंना काचबिंदू होता, उशिरा कळला. वर्षा-दोन वर्षांत पूर्ण अंधार. बाबारावांनी त्यावर रडारड केली नाही. त्यांनी बोलायला सुरुवात केली. आयुष्यभर जो माणूस तासन्‌तास मुकाट ब्रश चालवत बसला, तो आता उठल्यापासून बोलू लागला. अंगणात काय आहे, कोण येत आहे, त्यानं काय घातलं आहे, आभाळ कसं दिसतं आहे. मी एकदा गेले होते, तेव्हा काकूंना त्यांनी माझ्या साडीचा रंग सांगितला, काठ सांगितले आणि ‘केस पिकून राह्यले आता तिचे’ हेही सांगितलं. काकू म्हणाल्या, “सांगू द्या. त्यायच्या तोंडानंच दिसते मले.”

त्यानंतर दोनेक वर्षांनी ते दोघं आमच्या रुग्णालयात आले. काकूंनी त्यांच्या शर्टाचं टोक धरलेलं. बाबारावांनी कॉलर बाजूला केली. गळ्यावर लिंबाएवढी गाठ. डावीकडे.

तपासण्या झाल्या. गाठ साधी होती, पण वाढत होती आणि गिळताना अडत होती. काढणं भाग होतं. आमच्याकडे गळ्याच्या ऑपरेशनात हातखंडा होता शैलेशचा. डॉक्टर शैलेश काकपुरे, माझाच बॅचमेट, म्हणजे त्याच चार्टाखाली बसलेला. काकूंना सिस्टर पाणी प्यायला घेऊन गेली, तेव्हा बाबाराव हळूच म्हणाले, “डाक्टरीन बाई, मले मराचं भेव नाई. भजन नाई म्हनता आलं तरी चालन. पन आवाज गेला त मी हिले दिसीन कसा?”

मी काहीतरी धीर देणारं बोलले. काय बोलले ते आठवत नाही.

शैलेशला बाबाराव भेटले त्याचा आनंद झाला. त्यानं चहा मागवला, जुन्या गोष्टी काढल्या आणि संमतीपत्र पुढे केलं. बाबारावांनी पेन घेतलं आणि शैलेशच्याच हातात दिलं.

“सही करतो साहेब. पहिले मले डावी बाजू काढून दाखवा.”

शैलेश हसला. समोरच्या कोऱ्या कागदावर त्यानं श्वासनलिका काढली, गाठ काढली, नस काढली. दोन मिनिटांचं काम. बाबारावांनी कागद उचलला, खिडकीशी गेले, उलटा केला आणि काचेवर धरला. पलीकडून उन्हात रेषा उमटल्या.

“आता पाहा. अशी पलटवली त बरोबर होते. ही उजवी व्हय.”

शैलेशनं काढलेली नस तिरपी होती. मग शैलेश म्हणाला, “काका, मी डाव्या बाजूच्या कितीतरी गाठी काढल्यात. एकाचाही आवाज गेला नाही. आत गेल्यावर नस सापडतेच.”

“सापडते. हात शोधते, मले मालूम हाय. पन हात शोधेपर्यंत तुमचं डोकं तिरप्या जागी पाह्यत राहीन ना? तेवढा वेळ मायी नस कुठी राहीन?” आणि मग मऊ आवाजात म्हणाले, “याच्यात तुमचा दोष नाई साहेब. ते चित्र मी काढलं होतं.”

शैलेशला राग आला. मला त्याचा स्वभाव माहीत आहे. भला माणूस, पण हाताचा अभिमान भारी. “तुमचा भरवसा नसेल तर नागपूरला दुसरा सर्जन देतो पाहून,” असं म्हणून तो उठला. बाबाराव म्हणाले, “नाई. तुमचाच हात पाह्यजे. सगळ्यात चांगला हाय तो.” आणि वॉर्डात जाऊन आपल्या खाटेवर बसले.

पुढचे तीन दिवस वॉर्डात जो प्रकार झाला, तो सिस्टर अजून सांगतात. आमच्या वॉर्डातल्या खाटा भिंतीला लागून असतात, रुग्णाची डावी बाजू भिंतीकडे. डॉक्टर आपोआप उजवीकडून येतो. बाबारावांनी वॉर्डबॉयला मस्का लावून आपली खाट ओढून घेतली आणि डाव्या अंगाला माणूस उभा राहील एवढी जागा केली. उजव्या अंगाला काकूंचं स्टूल ठेवलं. सकाळी शैलेश राउंडला आला तेव्हा उभं राहायला जागा फक्त डावीकडे होती. तो उभा राहिला नाही. लांबूनच फाइल पाहून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं ज्युनियरला पाठवलं. बाबारावांनी ज्युनियरला डावा हात काढायला लावला.

तिसऱ्या दिवशी ओपीडी संपल्यावर शैलेश एकटाच आला. मी तिथे ऑपरेशनआधीची तपासणी करत होते. तो भिंतीच्या बाजूच्या त्या चिंचोळ्या जागेत शिरला, घटकाभर अवघडून उभा राहिला आणि म्हणाला, “काका, ते कार्ड आलं होतं मला. पुलगावला, वडिलांच्या पत्त्यावर. दोन ओळी वाचल्या आणि ठेवून दिलं.”

“अशीन. बसा.”

“बसायला जागा नाही.”

“मंग उभेच राहा. नाडी पाहा मायी. इकडच्या हाताची.”

शैलेशनं डाव्या मनगटाची नाडी धरली. मग बाबारावांच्या सांगण्यावरून डाव्या बाजूनं मान तपासली, गाठ चाचपली, श्वासनलिकेची कड बोटानं शोधली. एवढा सराईत सर्जन, पण त्याची बोटं सुरुवातीला अडखळली, हे मी पाहिलं. मग बाबारावांनी पेन्सिल दिली. पहिलं चित्र चुकलं. दुसऱ्या वेळी हात मध्येच थांबला. तिसऱ्या वेळी नस सरळ आली. उलटी न करता, डावी म्हणूनच काढलेली.

“हं,” बाबाराव म्हणाले. “आता आना तुमचा कागद.” आणि सही केली.

काकू स्टुलावर बसून सगळं ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, “काय काढलं जी डाक्टरसाहेबानं?”

“मायाच गळा काढला,” बाबाराव म्हणाले. “बरा काढला.”

ऑपरेशन सकाळी होतं. मी डोक्याशी, शैलेश डाव्या अंगाला. सुरू करण्याआधी त्यानं डोळे मिटले. मला वाटतं, त्या दिवसापासूनच त्याला ती सवय लागली. गाठ दिसायला होती त्याहून मोठी होती, आणि मागच्या बाजूला चिकटलेली. शैलेश फारच सावकाश जात होता. एका टप्प्यावर त्याचे हात थांबले. मी उठून पाहिलं. गाठीच्या मागे, श्वासनलिकेच्या कडेला, एक पांढरी दोऱ्यासारखी रेघ.

“सरळ आहे,” तो म्हणाला.

घशातली नळी काढताना आत पाहायचं काम माझं. आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, दाराच्या दोन फळ्यांसारख्या मिटतात आणि उघडतात. नस दुखावली असेल तर त्या बाजूची फळी लुळी पडून राहते. माझं हे रोजचं काम आहे, पण त्या दिवशी मी आधी उजवी पाहून घेतली. उजवी हलली. मग डावी हलली. मी शैलेशकडे पाहून मान डोलावली. तो हातमोजे काढत बाहेर गेला आणि बराच वेळ बेसिनपाशी हात धूत राहिला.

बाबाराव शुद्धीवर आले तेव्हा काकूंना आत आणलं होतं. त्यांचा हात खाटेच्या कठड्यावर होता, तोंड भलतीकडेच. आवाज आला नाही तोवर कुठे पाहायचं, हे त्यांना कळत नव्हतं. मी म्हटलं, “काका, नाव सांगा.” त्यांनी नाव सांगितलं नाही.

“शांते,” ते म्हणाले, “सकाळपासून काई खाल्लं का तू?”

काकूंचं तोंड थेट त्यांच्याकडे वळलं. “फाटला जी तुमचा आवाज.”

“फाटला. पन हाय.”

महिनाभरात आवाज भरून आला. भजनातला उंच सूर मात्र तेवढा परत आला नाही. आता रोहण्याला दुसरा कोणी पुढे बसतो आणि बाबाराव मागे बसून पालुपद धरतात. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. एकदा मीच विषय काढला तर म्हणाले, “बोलाले पुरते ना? मंग झालं.”

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मागच्या हिवाळ्यात, पवनारला. नातेवाइकांना घेऊन नदीवर गेले होते. धाम नदीचं पाणी उतरलं होतं, खडक उघडे पडले होते. परत निघून खालून पायऱ्या चढत होते, तेव्हा वरून मला तो आवाज ऐकू आला आणि मी थांबले. हाक मारणार होते, पण मारली नाही. बाबाराव काकूंचे दोन्ही हात धरून, त्यांच्याकडे तोंड करून, स्वतः पाठमोरे एकेक पायरी उतरत होते आणि बोलत होते.

“तुया डाव्या हाताले पूल हाय. यष्टी चालली त्याच्यावरून. उजव्या हाताले दोघी बाया कपडे धुऊन राह्यल्या, एकीचं लुगडं हिरवं हाय, दुसरीच्या कडेवर लेकरू हाय.”

पूल बाबारावांच्या उजवीकडे होता. ते समोरासमोर उभे होते, त्यामुळे मला मनातल्या मनात एकदा वळून, काकूंच्या जागी उभं राहून बघावं लागलं, तेव्हा कुठे पटलं की त्यांनी सांगितलं ते बरोबर आहे. त्यांना तसं वळावं लागलं नव्हतं. ते बोलता बोलता क्षणभरही अडखळले नव्हते.

“आता शेवटची पायरी हाय,” ते म्हणाले. “खाली पानी हाय, थंडगार. डावा पाय टाक.”

काकूंनी चाचपडून पाहिलं नाही. त्यांनी डावा पाय उचलला आणि पाण्यात ठेवला.